ॲम्काची तारीख सांगा, पण मोजून सांगा : संरक्षण मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार,
आणि एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीतले (एडीए) सर्व अधिकारी व शास्त्रज्ञ

सप्रेम नमस्कार.

मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं ॲम्का या स्वदेशी स्टेल्थ (रडारला सहज न दिसणाऱ्या) लढाऊ विमानाच्या विकासाला मंजुरी दिली. सुमारे 15,000 कोटी रुपये आणि पाच प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठीची नमुना विमानं. मे 2025 मध्ये आपण पुढचं पाऊल टाकलं आणि खासगी कंपन्यांनाही या कामात बरोबरीनं स्पर्धा करण्याची दारं उघडली. तेव्हापासून दोन तारखा सगळीकडे सांगितल्या जातात: पहिलं उड्डाण 2028-29 मध्ये आणि कारखान्यातून नियमित उत्पादन 2034-35 पासून. हे पत्र या दोन तारखांबद्दल आहे.

मी नाशिकचा. विमानांच्या सुट्या भागांसाठी जिग आणि फिक्स्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटी) बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात उत्पादन नियोजन करण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. जवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात मिग बनताना आणि सुखोई बनताना या गावानं पाहिलं आहे. सातपूर-अंबडच्या कितीतरी शेडमधल्या मशिन त्या विमानांच्या कामावर चालल्या. त्यामुळे ॲम्का व्हावं ही माझी इच्छा किती तीव्र आहे हे वेगळं सांगायला नको. तरीही नियोजन करणाऱ्या माणसाला तारीख दिसली की पहिला प्रश्न पडतो तो हाच, की ही काढली कशी?

अंदाज काढायचे दोन रस्ते असतात. एकात कामाचे टप्पे मांडायचे, प्रत्येकाला किती महिने लागतील ते लिहायचं आणि बेरीज करायची. ही बेरीज जवळजवळ नेहमीच कमी भरते, कारण कागदावरच्या टप्प्यात कुणी 'भाग नापास झाला, पुन्हा बनवला' असं लिहीत नाही. दुसऱ्या रस्त्यानं जायचं तर अशाच प्रकारचं काम आधी ज्यांनी केलं त्यांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते बघायचं, आणि आपण त्यांच्यापेक्षा वेगळे का ठरू याचं ठोस कारण असेल तरच आकडा बदलायचा. स्टेल्थ विमानांच्या बाबतीत हा दुसरा रस्ता आपल्यासमोर खुला आहे, कारण अनेक देशांच्या तारखा आता जगजाहीर आहेत.

आधी कागदापासून पहिल्या उड्डाणापर्यंतचा काळ घेऊ. अमेरिकेत एफ-35 साठी लॉकहीड मार्टिनची निवड ऑक्टोबर 2001 मध्ये झाली आणि एफ-35ए डिसेंबर 2006 मध्ये उडालं. म्हणजे पाच वर्षांहून थोडं जास्त, आणि तेही एक्स-35 हे प्रायोगिक विमान आधीच उडवून झालेलं असताना. दक्षिण कोरियानं केएफ-21 या लढाऊ विमानाचा पूर्ण विकास 2015 च्या अखेरीस हाती घेतला, पहिलं उड्डाण झालं जुलै 2022 मध्ये. साडेसहा वर्षं. तुर्कस्तानच्या 'कान' या विमानाचा करार ऑगस्ट 2016 चा आणि उड्डाण फेब्रुवारी 2024 चं, म्हणजे साडेसात. ॲम्कासाठी आपण मार्च 2024 पासून पाच वर्षांच्या आतबाहेर धरतो आहोत. आराखड्याचं बरंच काम मंजुरीच्या आधीच झालं होतं, ही आपली जमेची बाजू आहे आणि ती मी मोजतो. पण विमान बांधायचं कुणी हे ठरवण्याची पद्धतच मंजुरीनंतर 14 महिन्यांनी जाहीर झाली, हेही त्याच वहीत लिहावं लागतं. या दोन्ही बाजू धरून माझा हिशेब पहिल्या उड्डाणासाठी 2030-31 वर येतो.

खरा मोठा तुकडा त्याच्या पुढे आहे, आणि आपल्याकडची चर्चा नेमकी तिथेच थांबते. पहिलं उड्डाण झालं की पेढे वाटले जातात, वाटलेच पाहिजेत, पण हवाई दलाच्या हातात त्या दिवशी काहीच पडत नाही. अमेरिकेच्याच एफ-22 चं पहिलं विकास-विमान सप्टेंबर 1997 मध्ये उडालं आणि डिसेंबर 2005 मध्ये सेवेसाठी सज्ज झालं. त्याचा पूर्वज वायएफ-22 तर 1990 मध्येच उडाला होता. एफ-35ए ला पहिल्या उड्डाणापासून ऑगस्ट 2016 पर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागला. रशियाचं सु-57 जानेवारी 2010 मध्ये उडालं, त्याचं उत्पादनातलं पहिलं विमान डिसेंबर 2019 मध्ये सुपूर्द होण्याआधीच कोसळलं आणि हवाई दलाला पहिलं विमान मिळालं 2020 च्या डिसेंबरात. चीनचं जे-20 जानेवारी 2011 मध्ये चेंगदूत उडालं आणि 2017 मध्ये सेवेत आलं. हा सगळ्यांत जलद. म्हणजे पहिल्या उड्डाणापासून सेवेपर्यंत जगाचा अनुभव सहा ते अकरा वर्षांचा. आपल्या अधिकृत तारखांमध्ये हे अंतर सहा वर्षांचं आहे, म्हणजे या यादीतल्या सर्वांत वेगवान देशाची बरोबरी आपण पहिल्याच खेपेला करणार असं गृहीत धरलेलं आहे.

आपला स्वतःचा अनुभव तेजसचा. पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001, विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी केलेलं. पहिलं स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलातली विमानांची तुकडी, 1 जुलै 2016 ला उभं राहिलं. साडेपंधरा वर्षं. पूर्ण लढाऊ सज्जतेचा शिक्का तर 2019 मध्ये बसला. हा आकडा मी ॲम्काला जसाच्या तसा लावत नाही, कारण तेजस हा मधल्या मोठ्या खंडानंतरचा नव्यानं केलेला आरंभ होता. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेनं निर्बंध लादले, तिथे उड्डाण नियंत्रणाच्या कामावर असलेल्या आपल्या अभियंत्यांना परत यावं लागलं, आणि ते काम बेंगळुरूत आपल्याच लोकांनी पुरं केलं. त्या माणसांनी जे कमावलं ते ॲम्काला आयतं मिळतं आहे. संमिश्र पदार्थांचे पंख, संगणकावर चालणारं नियंत्रण, चाचणी वैमानिकांची फळी, हे सगळं तेजसचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा, 1983 मध्ये, नव्हतं आणि आज आहे. म्हणूनच मी पंधरा म्हणत नाही, सात ते नऊ म्हणतो.

तरीही इतकी वर्षं का, हे सामान्य वाचकाला पटत नाही. 'विमान उडतंय ना, मग द्या की!' असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. म्हणून थोडं विस्तारानं लिहितो, कारण माझं काम याच्या जवळचं होतं.

स्टेल्थ म्हणजे अंगाला फासलेला खास रंग, एवढंच नव्हे. रडारच्या लहरी जिकडून आल्या तिकडे परत जाऊ नयेत म्हणून पंखाच्या, शेपटीच्या, अगदी चाकांच्या दारांच्या कडासुद्धा ठरावीक कोनांतच ठेवाव्या लागतात. इंजिनाची फिरती पाती समोरून दिसू नयेत म्हणून हवा आत घेणारा मार्ग वळवावा लागतो, आणि वळवूनही इंजिनाला हवा सारख्या दाबानं मिळावी लागते. क्षेपणास्त्रं पंखाखाली न लटकवता पोटातल्या कप्प्यात ठेवायची. वेगात असताना त्या कप्प्याचं दार उघडलं की आतली हवा भयंकर थरथरते, आणि त्या थरथरीतून क्षेपणास्त्र सरळ, विमानाला न घासता बाहेर पडलं पाहिजे. प्रत्येक वेगाला, प्रत्येक उंचीला, प्रत्येक वळणात. संगणकावर हे आधी पाहता येतं, पण शेवटी हवेत जाऊन टाकून बघावंच लागतं.

आणि हे एका विमानात जमवणं हा अर्धाच भाग. प्रोटोटाइपच्या वेळी कुशल फिटर एकेक पॅनेल हातानं बसवतो, घासतो, पुन्हा बसवतो. विसाव्या विमानात तसं करत बसता येत नाही. पॅनेलच्या दोन कडांमधली फट, स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या किंचित वर राहणं, या गोष्टी साध्या विमानात खपून जातात, स्टेल्थ विमानात त्या रडारला दिसतात. मग सगळा भार जिगवर येतो. धातू उन्हाळ्यात वाढतो. सकाळी घेतलेलं माप आणि दुपारी घेतलेलं माप जुळत नाही हे नाशिकच्या कुठल्याही चांगल्या टूलरूमला माहीत आहे. कार्बन फायबरचा भाग भट्टीत तापतो तेव्हा तो ज्या साच्यावर असतो त्याचं प्रसरण वेगळं झालं तर भाग वेडावाकडा निघतो, म्हणून मोठ्या भागांचे साचे इनवार या लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूचे करतात. तो धातू महाग, मागवल्यावर यायला वेळ घेणारा आणि कापायला चिवट. असा एक मोठा साचा तयार होऊन तपासणीत पास होईपर्यंत महिने जातात, आणि आराखड्यात मिलिमीटरचा बदल झाला तरी ते चक्र पुन्हा फिरतं. वेळापत्रकात याला एक ओळ मिळते.

आता चाचणी उड्डाणांचा हिशेब. एफ-35 च्या विकासाचा टप्पा 2018 मध्ये संपला तोपर्यंत 9,200 हून अधिक चाचणी उड्डाणं झाली होती. त्या विमानाचे तीन प्रकार आहेत, म्हणून ढोबळ मानानं एका प्रकारामागे 3,000 धरू. ॲम्काचे प्रोटोटाइप पाच. चाचणी विमान रोज उडत नाही, त्यावर उपकरणं बसतात, निघतात, बदल होतात. एका विमानाची महिन्याला आठ उड्डाणं हा मला चांगला वेग वाटतो. पाचही विमानं पहिल्या दिवसापासून हजर आहेत असं मानलं तरी वर्षाला 480 उड्डाणं होतात, आणि 3,000 व्हायला सहा वर्षं लागतात. पण पाचही पहिल्या दिवशी हजर नसतातच, ती एकामागून एक येतात. म्हणजे सात वर्षं. हा आकडा मी इतर देशांच्या इतिहासाकडे न बघता निव्वळ गुणाकारानं काढला, आणि तो त्याच पट्ट्यात येऊन बसला. यातच उपायही दिसतो: पाचाऐवजी आठ प्रोटोटाइप करा, ते लवकर लवकर हवेत आणा, तर वर्षभराहून अधिक काळ वाचू शकतो. त्याला पैसे लागतील. मला वाटतं, या प्रकल्पात जास्तीचा रुपया टाकायला याहून चांगली जागा नाही.

इंजिनाबद्दल. ॲम्काच्या पहिल्या आवृत्तीत अमेरिकी एफ-414 बसवायचं आणि जास्त ताकदीचं नवं इंजिन फ्रान्सच्या साफ्रानबरोबर घडवून ते पुढच्या आवृत्तीत घ्यायचं, हा निर्णय शहाणपणाचा आहे. मारुत हे आपलं जुनं स्वदेशी लढाऊ विमान आठवा. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांचं ते देखणं विमान 1961 मध्ये उडालं आणि शेवटपर्यंत त्याला साजेसं इंजिन मिळालं नाही. कावेरी हे स्वदेशी इंजिन 1989 मध्ये मंजूर झालं आणि 2008 मध्ये तेजसपासून वेगळं करावं लागलं. विमान आणि इंजिन दोन्ही नवी असली की दोघांचा उशीर एकमेकांत अडकतो. कृपा करून कुठल्याही दबावाखाली पहिली आवृत्ती नव्या इंजिनासाठी थांबवू नका. पण तयार इंजिन घेतलं म्हणजे वेळेवर मिळेल असंही नाही. तेजस मार्क-1ए या सुधारित आवृत्तीसाठी 99 इंजिनांची मागणी ऑगस्ट 2021 मध्ये नोंदवली गेली आणि पहिलं इंजिन हातात आलं मार्च 2025 मध्ये, कारण मधल्या काळात त्या इंजिनाची उत्पादनसाखळीच थंडावली होती. एफ-414 ची मागणी पहिल्या उड्डाणाची वाट न बघता नोंदवावी लागेल.

'चीननं सहा वर्षांत केलं, मग आपण का नाही?' हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पण चीनचं मोजमाप 2011 पासून सुरू करणं चूक आहे. जे-10 हे त्यांचं आधीचं लढाऊ विमान मार्च 1998 मध्ये उडालं, ते सेवेत आलं, शेकड्यांनी बनलं, आणि त्याच चेंगदूच्या लोकांनी पुढे जे-20 केलं. सुरुवातीची जे-20 रशियन इंजिनावर उडाली, चिनी इंजिन नंतर आलं. शेनयांगमध्ये दुसरी संस्था समांतर स्टेल्थ विमान करत होती आणि तिचा नमुना 2012 मध्ये उडाला. मधल्या कुठल्याही वर्षी कारखाना रिकामा बसला नाही. आपल्याकडे जे-10 ची जागा तेजसची आहे. 83 मार्क-1ए ची मागणी फेब्रुवारी 2021 मध्ये आणि आणखी 97 ची सप्टेंबर 2025 मध्ये दिली गेली. ओझरला उभारलेल्या तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीतून पहिलं मार्क-1ए 17 ऑक्टोबर 2025 ला आपल्या उपस्थितीत उडालं, तेव्हा या शहरातल्या हजारो कामगारांचा ऊर भरून आला. ती साखळी वर्षाला आठ विमानांच्या वेगानं न थांबता चालणं, हीच ॲम्काची खरी पूर्वतयारी आहे. तेजस रखडलं तर ॲम्का वेळेवर येणार नाही. त्या दोन तारखा वेगळ्या फायलींत ठेवू नका.

कोरियाकडून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. 2015 मध्ये अमेरिकेनं त्यांना आधुनिक रडारसह चार महत्त्वाची तंत्रज्ञानं नाकारली, त्यांनी ती स्वतः करायला घेतली, आणि त्याच वेळी पहिल्या टप्प्यात पोटातला शस्त्रकप्पा नसेल हे उघडपणे सांगून टाकलं. जे नंतर येणार ते नंतर येणार असं लिहून ठेवलं. आपणही ॲम्काच्या पहिल्या स्क्वाड्रनला नेमकं काय जमेल आणि काय दोन वर्षांनी जमेल, हे आजच ठरवून जाहीर करू शकतो. तेजसच्या काळात गरजा मध्येच वाढत गेल्या आणि प्रत्येक वाढीनं चाचण्यांचा डोंगर उंच केला.

तर सगळं धरून माझा अंदाज असा. पहिलं उड्डाण 2030-31. पहिलं स्क्वाड्रन 2038 ते 2040 च्या दरम्यान. सात स्क्वाड्रनची चर्चा आहे, तेवढी विमानं वर्षाला बाराच्या वेगानं बनवली तर आणखी दहा वर्षं. 2035 अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी सगळं एकाच वेळी बरोबर घडावं लागेल, आणि देशाच्या संरक्षणाचं नियोजन त्या एका शक्यतेवर बांधता येत नाही.

हे ऐकून काहीजण म्हणतील, इतका उशीर असेल तर परदेशातून घेऊन टाका. मला ते मान्य नाही. रशियाबरोबरच्या पाचव्या पिढीच्या विमानाचा करार आपण डिसेंबर 2010 मध्ये केला, त्यात पैसे घातले आणि 2018 मध्ये बाहेर पडलो. हातात विमान आलं नाही आणि ज्ञानही फारसं आलं नाही. विकत घेतलेल्या विमानाच्या सॉफ्टवेअरला हात लावायची परवानगी मिळत नाही, आपलं 'अस्त्र' क्षेपणास्त्र त्यावर बसवायचं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. ॲम्का 2039 मध्ये आलं तरी ते हवंच आहे. पण 2039 मध्ये येणार असेल तर 2039 म्हणा, म्हणजे मधल्या वर्षांची सोय करता येते.

मधल्या वर्षांचा प्रश्न कागदावरचा नाही. मिग-21 ची जागा तेजसनं 1990 च्या दशकात घ्यायची होती. 1963 मध्ये आलेलं ते विमान चंडीगडहून 26 सप्टेंबर 2025 ला निवृत्त झालं. या बासष्ट वर्षांच्या शेवटच्या टप्प्यात ते उडवणाऱ्या वैमानिकांपैकी किती जण अपघातांत गेले, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे. दर वेळी 'तेजस येतंय, दोन-तीन वर्षांत येतंय' या भरवशावर पर्यायी निर्णय पुढे ढकलले गेले. मंजूर 42 स्क्वाड्रनांपैकी आज 29 उरली आहेत. मे 2025 मध्ये हवाई दलप्रमुख अमर प्रीत सिंह यांनी जाहीर व्यासपीठावर सांगितलं की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही. त्यांच्या बोलण्यातली कळकळ मला समजते. ज्याला रोज वैमानिक आकाशात पाठवायचे असतात त्याला चुकीची तारीख सर्वांत जास्त महागात पडते.

त्याची झळ आमच्यासारख्या लहान कारखान्यांनाही बसते. जाहीर तारखेवर विश्वास ठेवून उद्योजक पाच अक्षांच्या मशिनसाठी कर्ज काढतो, मुलं शिकवून तयार करतो. काम दोन वर्षं पुढे गेलं की हप्ते थांबत नाहीत, शिकलेली मुलं पुण्याच्या वाहन उद्योगात जातात, आणि ऑर्डर खरोखर येते तेव्हा हात उरलेले नसतात. उशिरातून पुढचा उशीर जन्मतो तो असा. खरी तारीख उशिराची असली तरी चालेल, तिच्यावर मशिन घेता येते.

म्हणून माझ्या मागण्या अशा. ॲम्काची एकच तारीख न सांगता दोन सांगा: सगळं सुरळीत झालं तर कधी, आणि नेहमीच्या अडचणी आल्या तर कधी. हा अंदाज प्रकल्पाबाहेरच्या लोकांकडून काढून घ्या. आपली माणसं अप्रामाणिक आहेत म्हणून नव्हे, तर स्वतःच्या कामाचा काळ कमी धरणं हा माणसाचा स्वभाव आहे म्हणून. अमेरिकेत जीएओ ही संसदेची लेखापरीक्षण संस्था एफ-35 वर वर्षानुवर्षं नियमित अहवाल देते, त्यात उशीर, खर्च आणि दोष उघड लिहिलेले असतात, आणि त्यामुळे तो प्रकल्प बंद पडला नाही. आपल्याकडे कॅगचा अहवाल येतो तेव्हा गोष्टी घडून गेलेल्या असतात. संसदेच्या प्रत्येक हिवाळी अधिवेशनात एका पानाचा तक्ता ठेवा: किती प्रोटोटाइप जोडणीत आहेत, किती उडाले, वर्षभरात किती चाचणी उड्डाणं झाली, ठरली होती किती, इंजिनं किती आली, आणि स्क्वाड्रनची अपेक्षित तारीख मागच्या वर्षीपेक्षा किती सरकली व का. यातलं काहीही शत्रूला उपयोगी पडेल असं गुपित नाही.

आणि आठ प्रोटोटाइपचा विचार आत्ताच व्हावा, बांधणीचा करार होण्याआधी. नंतर तीन विमानं वाढवायची म्हटलं तर साच्यांपासून इंजिनांपर्यंत सगळ्यांची नवी मागणी, नवी मंजुरी आणि नवी रांग लागेल, आणि वाचवायला गेलेलं वर्ष त्यातच संपेल.

आपला विश्वासू,
नाशिकचा एक निवृत्त उत्पादन नियोजक